कंपनीचा जॅक, चार विटा आणि पोर्चमधली वॅगनआर

तुझा प्रश्न थोडक्यात असा की २०१४ ची वॅगनआर आहे, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घराच्या पोर्चमध्ये उभी असते, पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचेत, शिवाय खालून खडखड आवाज येतोय तो सायलेन्सरचा आहे का ते खाली झोपून बघायचंय, डिक्कीत कंपनीचा जॅक आहे आणि बांधकामातल्या चार विटा उरल्यात, तर जॅकने उचलून विटांवर टेकवली तर चालेल का. आणि बाबा नको म्हणतायत.

बाबा बरोबर आहेत, पण अर्धेच. ब्रेक पॅडचं काम तू घरी करू शकतोस, नीट केलंस तर. सायलेन्सरचं नको, निदान तू वर्णन केलंयस तसल्या पोर्चमध्ये तरी नको. आणि विटा दोन्हीपैकी कशालाच नकोत. आता का नको ते सांगतो, जरा लांबेल, गॅरेजमध्ये आयुष्य गेलं त्यामुळे या विषयावर थोडक्यात बोलायला जमत नाही मला.

बघ, गाडी उचलणं म्हणजे एकच काम नाही. चाक जमिनीपासून सुटेल एवढी उचलायची, आपण बाजूला बसून काम करायचं, हे एक. आणि तेवढीच उचलून आपली छाती, डोकं तिच्याखाली घालायचं हे वेगळंच. पहिल्यात गाडी घसरली तर डिस्क फरशीवर आपटेल, पत्रा वाकेल, फार तर बोटं जातील, म्हणजे तेही काही कमी नाही. दुसऱ्यात घसरली तर पुढे बोलायला माणूस उरत नाही. वॅगनआर हलकी गाडी आहे असं सगळे म्हणतात, ८५०-९०० किलोच्या आसपास, पण त्यातलं साठ टक्के वजन पुढे असतं कारण इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणजे पुढच्या एका कोपऱ्यावर अडीचशे किलोच्या वरच येतं. छातीवर अडीचशे किलो आले की श्वास घ्यायला बरगड्या हलतच नाहीत, ओरडताही येत नाही. म्हणून कोणतंही काम हातात घेताना आधी स्वतःला विचारायचं की माझं अंग खाली जाणार आहे का, आणि उत्तर हो असेल तर जॅकवर गाडी ठेवून ते काम होणारच नाही, मग जॅक दोन टनी असो की पाच टनी. गाडीसोबतच्या पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं की जॅक फक्त चाक बदलायला, त्याच्या आधारावर गाडीखाली जाऊ नका. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समधून कोणी बाहेर काढत नाही ही गोष्ट वेगळी.

आता जमीन. लोक जॅक कोणता घ्यावा यावर तासभर बोलतात आणि तो कशावर ठेवणार याच्यावर एक मिनिट नाही, माझ्या मते हे अगदी उलट आहे. तू लिहिलंयस की पोर्चला कोटा फरशी आहे आणि गेटकडे थोडा उतार आहे. आपल्या इंदूरमध्ये निम्म्या घरांचं हेच आहे, पाणी वाहून जावं म्हणून उतार ठेवतात. घासून गुळगुळीत केलेली कोटा फरशी आणि त्यावर पाणी किंवा ऑइलचा एक थेंब, की लोखंडी पाय सरकायला वेळ लागत नाही. फरशी आधी कोरडी करून पुसून घे, साबणाचा अंशही राहायला नको. मग हातोडीच्या दांड्याने जिथे जॅक येणार तिथे ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलेला आहे, अशी फरशी एका ठिकाणी भार आला की कडकन तुटते आणि जॅकचा एक पाय खड्ड्यात जातो.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे हौद. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून आपल्याकडे जमिनीखालची टाकी जवळपास घरोघरी, आणि ती बहुतेक पोर्चमध्येच, गाडी उभी राहते बरोबर तिथेच. वरून फरशी लावलेली असते त्यामुळे टाकी कुठून कुठपर्यंत आहे हे घरातल्यांनासुद्धा नीट माहीत नसतं, फक्त झाकण दिसतं. चार चाकांवर पसरलेलं वजन तो स्लॅब रोज पेलतो, पण तू जॅक लावलास की एका कोपऱ्याचं सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं. तर बाबांना विचार टाकी कुठे आहे, कशी बांधली आहे, ड्रेनेजचा चेंबर कुठे आहे, आणि या दोन्हींपासून लांब काम कर. यासाठी गाडी थोडी पुढेमागे करावी लागली तर कर, त्यात काय.

पोर्चच्या बाहेर मातीत तर विचारूच नको. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, भेगा पडलेल्या असतात, वरचा थर कडक आणि खाली भुसभुशीत, आणि पहिल्या पावसानंतर तीच माती फुगून लोणी होते. जॅक सरळ खाली रुतला तर एक वेळ परवडतं, पण तो सरळ रुतत नाही, एका बाजूने रुतून कलंडतो. अगदीच वेळ आली, रस्त्यात पंक्चर वगैरे, तर खाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घालायची, जॅकच्या पायापेक्षा चांगली चारपट मोठी. मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर स्टँड, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारी लोखंडी घोडी, लावलेस तरी त्याचे पाय डांबरात बसतात, तिथेही प्लेट हवी. पेव्हर ब्लॉकवर ब्लॉक डुगडुगतो का ते पायाने दाबून बघायचं, डुगडुगला तर तिथेही फळी.

उताराचं सांगायचं राहिलं. गेटकडचा उतार डोळ्यांना दिसत नाही एवढा असला तरी गाडीला कळतो. एक बाटली आडवी ठेवून बघ, घरंगळत सुटली तर तिथे जॅक लावायचा नाही. पोर्चच्या आतल्या टोकाला बऱ्याचदा जमीन सपाट असते, गाडी तिथपर्यंत आत घे. आणि खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात पंक्चर झालं तर काय असं कोणी विचारेल, तर तिथे चढावरच जॅक लावायचा नाही, चाक खराब झालं तरी चालेल पण हळूहळू सपाट जागेपर्यंत गाडी न्यायची. टायर जाऊ दे.

यापुढचा भाग मन लावून वाच, कारण चांगले चांगले ड्रायव्हर इथे चुकतात. वॅगनआर पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनचा जोर पुढे जातो, आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. आता तू पुढचं एक चाक उचललंस. तुला वाटतं गाडी गिअरमध्ये आहे म्हणजे दुहेरी सोय झाली. नाही झाली. डिफरेन्शियल असतं ना, इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, त्यामुळे हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं पुढचं चाक सुलटं, इंजिन जाम असूनसुद्धा गाडी सरकते. म्हणजे पुढचं चाक उचललं की गिअर जवळपास निरुपयोगी, सगळा भरवसा मागच्या हँडब्रेकवर, आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीचा हँडब्रेक कसा असतो हे तुला माहीत आहे, आठ-नऊ कट कट आवाज येईपर्यंत ओढला तरी गाडी ढकलली की हलते. आणि मागची दोन्ही चाकं एकदम उचललीस तर उलट प्रकार, हँडब्रेक हवेत, आता फक्त गिअर धरतोय. यावर उपाय एकच, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना ठोकळे. तुझ्या कामात पुढचं चाक उचलणार, तर मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे चार ठोकळे. दगड चालतो का, गोलगोटा दगड चालत नाही, चाकाखालून निसटतो. सुताराकडून तिरके कापलेले लाकडी तुकडे घेऊन ये, चाकाच्या उंचीच्या चौथ्या भागाएवढे तरी उंच, हाताने ठोकून घट्ट बसव. हँडब्रेक ओढायचा, गिअरही टाकायचा, नुकसान काही नाही, पण भरवसा ठेवायचा तो ठोकळ्यांवर.

जॅकचे प्रकार. डिक्कीतला जो असतो तो कैचीसारखा उघडणारा, स्क्रूवर चालणारा. त्याची एक गोष्ट चांगली, त्याच्या आट्यांची रचनाच अशी असते की वजनाने तो स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही, म्हणजे ऑइल गळून हळूहळू खाली बसणं वगैरे प्रकार त्यात नाही. वाईट गोष्ट म्हणजे पाय लहान आणि वर उंच, बाजूने जरा जोर लागला की कलंडतो. आणि तो बाजूचा जोर आपणच लावतो, नट सोडवताना पाना ओढून. म्हणून नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. सुरुवातीला जॅक चपटा असतो तेव्हा फिरवायला सगळ्यात जड जातो, अर्ध्या उंचीनंतर हलका होतो, ते जॅक खराब आहे म्हणून नाही, चपट्या अवस्थेत स्क्रूवर ताण जास्त येतो म्हणून. वर्षातून एकदा आट्यांना ग्रीस लाव. नवीन काही गाड्यांमध्ये तर स्टेपनीच नसते, २०२० मध्ये नियमात सूट मिळाली, हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट दिलं की स्टेपनी नसली तरी चालते, त्यामुळे अशी गाडी घेणाऱ्याने डिक्कीत जॅक आहे की नाही हे आधीच बघून ठेवावं, हायवेवर बघू नये.

बाटली जॅक तुझ्या कामाचा नाही. ट्रकवाल्यांकडे असतो, ताकद भरपूर, पण मुळात त्याची उंचीच एवढी की वॅगनआरच्या दरवाज्याखाली चाक बसलेलं असताना जातच नाही, आणि डोकं लहान गोल, पत्र्याच्या कडेवर टिकत नाही.

घरी नेहमी काम करायचं असेल तर चाकवाला ट्रॉली जॅक घे, दोन टनी पुरतो. त्यात एक खोच आहे. त्याचा हात वर जाताना सरळ उभा जात नाही, दार उघडताना कडी जशी गोलात फिरते तसा तो गोलात वर जातो, म्हणजे वरची वाटी उचलता उचलता काही सेंटीमीटर मागे सरकते. हे सरकणं भरून काढायला जॅकच्या चाकांनी जमिनीवर घरंगळायला हवं. फरशीच्या सांध्यात चाक अडकलं, खाली खडा आला, की जॅक सरकत नाही आणि मग वाटी गाडीखालून सरकते. म्हणून उचलायच्या आधी तिथली जागा झाडून घे, आणि दर चार-पाच पंपांनी थांबून बघ की जॅक थोडा थोडा आत सरकतोय ना. ट्रॉली जॅक ऑइलच्या दाबावर उभा असतो, आतला एखादा रबरी सील म्हातारा झाला की गाडी कळणार नाही इतकी हळूहळू खाली येते, कधी हळूहळू येत नाही. उचलायचं काम त्याचं, धरून ठेवायचं स्टँडचं.

गाडीला जॅक कुठे लावायचा. दरवाज्याखाली पत्र्याच्या दोन थरांची उभी कड असते, तिच्यात पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे दोन दोन खाचा दिसतील, त्या दोन खाचांच्या मधली जागा जाड केलेली असते, तिथेच. कंपनीच्या जॅकच्या डोक्यात चर असतो, ती कड त्या चरात बसली पाहिजे. ट्रॉली जॅकची वाटी सपाट असते, ती तशीच लावलीस तर कड वाकते, तिथे मधोमध चर पाडलेला रबरी किंवा लाकडी तुकडा हवा. हाताने चाचपून बघ की तिथे गंज नाही ना, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की चांगला पत्रा टणक आवाज देतो, गंजलेला भद्द वाजतो आणि खपल्या पडतात. समुद्राकाठच्या शहरातून आलेली सेकंडहँड गाडी असेल तर हे हमखास बघ. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली, गिअरबॉक्सखाली, पायाखालच्या सपाट पत्र्याखाली, पेट्रोलच्या टाकीखाली, सायलेन्सरच्या पाइपखाली जॅक लावायचा नाही, कोणी लावताना दिसलं तरी नाही. तुझी सीएनजी आहे का ते तू लिहिलं नाहीस, असेल तर मागे सिलिंडरचं वजन असतं त्यामुळे मागची बाजू उचलताना जॅकवर जास्त भार येतो, आणि सिलिंडरच्या ब्रॅकेटला, खालून जाणाऱ्या गॅसच्या पाइपला काहीच टेकवायचं नाही.

आता विटा. "अरे कुछ नी होता भिया, हम तो रोज रखते हैं" हे वाक्य सियागंजपासून पलासियापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. वीट भिंतीत असते तेव्हा तिच्यावर भार सगळीकडून सारखा येतो. गाडीखाली तो भार येतो एका धारेवर, बोटभर रुंदीच्या कडेवर. त्यात वीट, सिमेंटचा ब्लॉक, तो हलका पांढरा ब्लॉक, फरशीचे तुकडे, हे सगळे पदार्थ तुटताना आधी सांगत नाहीत. वाकत नाहीत, करकरत नाहीत, एका क्षणी अख्खे आणि दुसऱ्या क्षणी चुरा. लाकूड सांगतं, दबतं, आवाज करतं, तुला हात काढायला वेळ देतं. त्यामुळे काहीच नसेल तर जाड लाकडी ओंडके, आडवे-उभे असे एकावर एक रचून, रुंदीपेक्षा उंची कमी ठेवून, हे विटांपेक्षा शंभर पटीने बरं. पण तुला कायमचं हे करायचंय तर स्टँडची जोडी घे, सियागंजात टूल्सच्या दुकानात मिळते, कोणी घोडी म्हणेल कोणी जॅक स्टँड.

स्टँड घेताना काय बघायचं. पायांचं वेल्डिंग अखंड आहे का, ठिपके ठिपके मारलेत का. पाय खाली रुंद पसरलेले हवेत. दोन टन लिहिलंय ते एकाचं की जोडीचं हे विचार, बऱ्याच ठिकाणी जोडीचं मिळून लिहिलेलं असतं. आणि प्रकार दोन, एक दातेवाला, खटका लावून उंची ठरते, दुसरा आरपार पिन घालायचा. मी पिनवाला घे म्हणेन. दातेवाल्यात खटका अर्धवट बसला तरी बसल्यासारखा दिसतो, २०२० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीला तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवावे लागले होते, भार असताना खटका सुटायचा म्हणून, आणि बदली म्हणून दिलेल्यातल्या काहींतसुद्धा नंतर वेल्डिंगचा दोष निघाला. पिनवाल्यात जाडजूड सळई आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, मन शांत राहतं. फक्त पिन मूळचीच वापर, तिच्या जागी खिळा किंवा बोल्ट घालणारे महाभाग मी बघितलेत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी स्टँड घे, उचलायला कंपनीचा जॅक तोपर्यंत चालेल.

इथे सगळे अडतात तो प्रश्न म्हणजे जॅकही त्याच खाचांमध्ये आणि स्टँडही तिथेच, मग दोन्ही मावणार कसे. ट्रॉली जॅक असेल तर तो आत, जिथे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात) बॉडीला बोल्टने जोडलेला असतो त्या जाड आडव्या मेंबरखाली, म्हणजे लोखंडी तुळईखाली, लावायचा आणि स्टँड खाचांमध्ये, चर असलेल्या लाकडी तुकड्यासकट. कंपनीचा जॅक असेल तर तो खाचांमध्ये आणि स्टँड त्या आतल्या मेंबरखाली. ती जागा नेमकी कोणती हे लिहून कळत नाही, पुढच्या वेळी गाडी लिफ्टवर असेल तेव्हा मेकॅनिकला विचार आणि तिथे पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका मारून ठेव. तोपर्यंत अंदाजाने स्टँड लावू नकोस.

तर तुझ्या ब्रेक पॅडच्या दिवशी हे असं. सकाळी, उजेडात, कोरड्या फरशीवर. घरात सांगून ठेव की गाडीचं दार उघडायचं नाही, डिक्की उघडायची नाही, आत कोणी बसायचं नाही, चावी तुझ्या खिशात, आणि लहान मुलं आणि गल्लीतला कुत्रा दोन्ही गेटबाहेर. कोणीतरी मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं. चार ठोकळे मागे, हँडब्रेक, गिअर. चाकाचे चारही नट अर्धा अर्धा फेरा सैल, काढायचे नाहीत. मग जॅक, चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की बस, उंच उचलण्यात शौर्य नाही, जितकी उंच तितकी गाडी कलते आणि ठोकळ्यांवर ताण वाढतो. स्टँड लाव, जॅक हळूच उतरव म्हणजे वजन स्टँडवर बसेल, आणि मग जॅक परत जेमतेम टेकेल एवढा वर आण, तो आता नुसता सोबतीला. मग बाजूला उभा राहून बोनेटजवळच्या कडेला दोन्ही हातांनी चांगला धक्का दे, पुढेमागे, आडवा. पडायची असेल तर आत्ता पडू दे. स्टँड कचकचला, पाय उचलला गेला, तर सगळं उतरवून पहिल्यापासून. चाक काढलंस की ते भिंतीला टेकवून ठेवू नकोस, आडवं करून दरवाज्याखाली सरकव, सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर येऊन थांबेल.

पॅडचं काम तसं सोपं. स्टिअरिंग फिरवून कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तुझ्याकडे येईल असं कर, खालचा पिनबोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो, पूर्ण काढलास तर तारेने स्प्रिंगला बांध, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नकोस. कॅलिपरमधला पिस्टन सी क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंज्याने) सावकाश आत, वर बोनेटमधली ब्रेक ऑइलची डबी भरून वाहत नाही ना ते बघत. धूळ तोंडाने फुंकू नकोस. एका वेळी एकच बाजू, म्हणजे विसरलास तर दुसऱ्या बाजूला बघून कळतं. आणि दोन्ही बाजू झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाब, पहिले दोन-तीन वेळा ते सरळ खाली जातं, गेटकडच्या उतारावर हे कळायला नको. एखादा बोल्ट हट्टीपणा करत असेल तर उचललेल्या गाडीवर लांब पाइप घालून लटकू नकोस, गंज सोडवणारं तेल मार, चहा पी, आणि तरी नाही सुटला तर चाक लावून गाडी खाली घेऊन गॅरेजला जा.

उतरवताना लोक घाई करतात, काम झालेलं असतं ना. चाक लाव, नट हाताने जातील तेवढे घाल, समोरासमोरचे असे, मग स्टँड काढायला आधी जॅकने थोडं वर घे. ट्रॉली जॅकचा व्हॉल्व्ह अगदी थोडा थोडा उघड, एकदम फिरवलास तर गाडी धाडकन आपटते. हात, पाय, पाना, काही खाली नाही ना बघून मगच. खाली आल्यावर नट पक्के कर, टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते, पुस्तकात दिलेला असतो, अशा छोट्या गाड्यांना ८५ ते १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकावर साधारण तीस किलोचा जोर. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे दुप्पट-तिप्पट ताण देतात, मग बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या पंक्चरला नट सुटत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत पाना लावून बघ.

आणि काहीही कर, गाडी घसरायला लागली तर ती हाताने धरायला जाऊ नकोस. माणसाची पहिली प्रतिक्रिया तीच असते म्हणून आधीच सांगतोय, मागे हो, पडू दे. कोणी खाली अडकलंच तर ओढाताण न करता दुसऱ्या जॅकने उचलायचं, शेजाऱ्याच्या गाडीत असतोच, आणि सोबतच १०८ लावायचा.

राहिला सायलेन्सर. वॅगनआरचा खडखड आवाज, त्यातही थंड असताना सुरुवातीला आणि ठरावीक स्पीडला येणारा, बऱ्याचदा सायलेन्सरचा नसतोच, त्याच्यावरचा उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो त्याचा बोल्ट गंजून सुटलेला असतो किंवा लटकवायचं रबर तुटलेलं असतं. हे कळायला गाडीखाली मधोमध जावं लागतं, म्हणजे चारही कोपरे उचलून चार स्टँड, सपाट पक्की जमीन, हे तुझ्या उताराच्या आणि हौदाच्या पोर्चमध्ये जमणारं नाही. जवळच्या वॉशिंग सेंटरला जा जिथे गाडी वर घेणारी लिफ्ट आहे, सकाळी गर्दी नसताना, खालून धुवून घे आणि धुतल्यावर दोन मिनिटं उभ्या उभ्या बघायला माग, कोणी नाही म्हणत नाही. सायलेन्सर तेव्हा गरम असेल, हात लावू नकोस, लाकडी दांड्याने तो पत्रा हलवून बघ आणि खडखडला तर तिथेच मोबाइलवर फोटो काढून टाक इथे, मग बोल्ट पुरेल की क्लॅम्प लावावा लागेल ते सांगतो.